संगणक-जाळ्यांची जोडणी : तारेइतकीच कराराचीही गरज

बडोदे संस्थानात १८६२ साली डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटर लांबीची अरुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली. आरंभी तिला इंजिन नव्हते. डबे ओढण्यासाठी बैल जुंपले जात. वाफेची इंजिने नियमितपणे धावू लागली ती १८७३ मध्ये. मियागाम येथे या रेल्वेची गाठ 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' या कंपनीच्या रुंद मार्गाशी पडत असे. गायकवाडी रुळांतील अंतर अडीच फूट, तर कंपनीच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट. साहजिकच एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर जाणे शक्य नव्हते. डभोईकडून आलेला माल मियागामला उतरवावा आणि दुसऱ्या गाडीत भरावा, हाच एक उपाय होता.

दोन रेल्वे एका स्थानकात आल्या, म्हणजे त्या जोडल्या गेल्या, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु माल कोणी उतरवावयाचा, भाड्याची वाटणी कशी करावयाची, वाटेत नुकसान झाल्यास ते कोणाच्या माथी, कोणता माल मुळीच घ्यावयाचा नाही, या प्रश्नांची उत्तरे रूळ देत नाहीत. ती करारात लिहावी लागतात. आज संगणकांची जाळी एकमेकांस जोडताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तार जोडणे हे काम एका दिवसाचे. त्या तारेवरून कोणाची वाहतूक, कोठवर आणि कोणत्या अटींवर न्यावयाची हे ठरविणे व लिहून ठेवणे हे काम त्याहून कितीतरी अवघड आहे.

बडोदे संस्थानाची रचना

हा विषय समजून घेण्यास बडोदे संस्थानाचा नकाशा फार उपयोगी पडतो. हे संस्थान सलग नव्हते. बडोदे प्रांत मध्यभागी, नवसारी प्रांत दक्षिणेस सुरतेच्या बाजूला, कडी प्रांत उत्तरेस आणि अमरेली प्रांत दूर काठियावाडात, अशी त्याची विभागणी होती. मधल्या भागांत ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने पसरलेली होती. बडोद्याहून अमरेलीस जाणाऱ्या कारकुनाला आपल्याच संस्थानातून आपल्याच संस्थानात जाताना परक्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागत. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हद्दींची ही गुंतागुंत संपली.

जगातील संगणक-जाळ्यांची आजची स्थिती या जुन्या नकाशासारखी आहे. 'इंटरनेट' या नावाचे एकच एक जाळे कोठेही अस्तित्वात नाही. हजारो स्वतंत्र जाळी परस्परांस जोडली गेली आहेत आणि त्या समूहाला आपण इंटरनेट म्हणतो. यांतील प्रत्येक जाळ्याचा कारभार त्याच्या मालकाच्या हाती असतो. आत कोणती यंत्रे बसवावीत, कोणता मार्ग पसंत करावा, शेजाऱ्याची वाहतूक स्वीकारावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. म्हणूनच अशा जाळ्याला 'स्वायत्त जाळे' असे म्हणतात. ओळख पटावी म्हणून त्यास एक क्रमांक आणि पत्त्यांचा एक किंवा अनेक गट दिले जातात. भारतात हे क्रमांक व पत्ते देण्याची व्यवस्था २०१२ पासून 'निक्सी' या संस्थेच्या नोंदणी विभागामार्फत चालते.

या स्वायत्त जाळ्यांनी एकमेकांस मार्ग कळविण्याची जी पद्धत आहे, तिचा पहिला आराखडा जानेवारी १९८९ मध्ये कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर या दोन तंत्रज्ञांनी अमेरिकेतील एका परिषदेच्या वेळी भोजनाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर मांडला. तीच पद्धत सुधारून आजही वापरात आहे. तिचे सार एका वाक्यात सांगता येईल : प्रत्येक जाळे शेजाऱ्याला कळविते की 'अमुक पत्त्यांकडे माझ्यातून जाता येईल', आणि शेजारी त्यावर विश्वास ठेवतो. या पद्धतीचे बळ या विश्वासात आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, वडोदऱ्यातील एका महाविद्यालयाचे स्वतःचे जाळे आहे. त्याचा क्रमांक ६४४९६ धरू. (हा आणि पुढील क्रमांक केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, ते कोणत्याही खऱ्या जाळ्यास दिले जात नाहीत.) या महाविद्यालयाने दोन जोडण्या घेतल्या. पहिली देशातील विद्यापीठे व संशोधन संस्था यांना जोडणाऱ्या एका शैक्षणिक जाळ्याशी. त्याचा क्रमांक ६४५००. दुसरी एका व्यापारी कंपनीशी. तिचा क्रमांक ६४५०१. हेतू सरळ आहे. ग्रंथालये व प्रयोगशाळा यांच्याशी चालणारा व्यवहार शैक्षणिक जाळ्यातून व्हावा, बाकीचा कंपनीमार्फत व्हावा आणि एक जोडणी बंद पडल्यास दुसरी उपयोगी पडावी.

आता महाविद्यालयाच्या तंत्रज्ञाने एक नियम लिहावयाचा विसरला, असे समजा. शैक्षणिक जाळ्याकडून कळलेले सर्व मार्ग त्याच्या यंत्राने कंपनीला पुढे कळविले. कंपनीने ऐकले ते असे : 'देशातील सर्व विद्यापीठांकडे या महाविद्यालयातून जाता येते.' महाविद्यालय हे कंपनीचे पैसे देणारे ग्राहक आहे, आणि ग्राहकाकडून कळलेला मार्ग प्रथम पसंत करावा, ही व्यापारी जाळ्यांची सर्वसाधारण रीत आहे. परिणामी कंपनीच्या साऱ्या ग्राहकांची विद्यापीठांकडे जाणारी वाहतूक महाविद्यालयाच्या लहानशा जोडणीवर कोसळेल. गावातील पाऊलवाटेवर राष्ट्रीय महामार्गाची वाहतूक वळवावी, तसा हा प्रकार होईल. महाविद्यालय बंद पडेल आणि विद्यापीठेही अनेकांना दिसेनाशी होतील. यात तार तुटलेली नाही की यंत्र बिघडलेले नाही. केवळ एक नियम लिहावयाचा राहिला.

प्रत्यक्षात घडलेल्या घटना

अशा चुका केवळ कल्पनेत घडतात असे नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील शासकीय आदेशानुसार तेथील दूरसंचार कंपनीने 'यूट्यूब' हे संकेतस्थळ देशात बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांचा खोटा मार्ग आपल्या जाळ्यात घातला. तो मार्ग देशाबाहेरही कळविला गेला. बाहेरील मोठ्या जाळ्याने तो पारखून न घेता जगभर पोहोचविला. यूट्यूबचा स्वतःचा मार्ग पत्त्यांच्या मोठ्या गटासाठी होता, तर हा नवा मार्ग त्यातील लहान गटासाठी होता. टपाल खात्यात नुसत्या जिल्ह्यापेक्षा गाव लिहिलेला पत्ता अधिक नेमका समजतात. त्याप्रमाणे यंत्रांनीही अधिक नेमका मार्ग खरा मानला. सुमारे दोन तास जगातील बऱ्याच भागांतून यूट्यूब दिसेनासे झाले. एका देशापुरता असलेला आदेश सीमेवर अडविणारा नियम कोठेच नव्हता, हे त्याचे कारण.

भारतातही १६ एप्रिल २०२१ रोजी एका मोठ्या जाळ्याने तीस हजारांहून अधिक पत्ता-गटांचे चुकीचे मार्ग बाहेर कळविले. ते पत्ते त्याचे नव्हते. त्याचा उपद्रव जगातील अनेक जाळ्यांना झाला. दोन्ही घटनांत शेजारी जाळ्याजवळ 'या जाळ्याकडून एवढेच पत्ते स्वीकारावेत' अशी लेखी व तपासण्याजोगी यादी असती आणि ती वापरली गेली असती, तर चूक दारातच थांबली असती.

प्रतिरूपात काय असावे?

एखादी इमारत बांधण्यापूर्वी तिचा नकाशा काढतात. त्याचप्रमाणे जाळ्यांच्या जोडणीचेही एक लेखी प्रतिरूप असावे लागते. ते माणसाला वाचता यावे आणि यंत्राला तपासता यावे. त्यात पुढील गोष्टी अवश्य असाव्यात.

(१) पक्षांची ओळख : प्रत्येक जाळ्याचा क्रमांक, त्याचे पत्ता-गट आणि त्याची जबाबदारी असलेला अधिकारी यांची नोंद हवी. अधिकाऱ्याच्या नावापेक्षा पदाची नोंद अधिक टिकाऊ ठरते. कारण व्यक्तीची बदली होते, पद तेथेच राहते.

(२) जोडणी व संबंध यांतील भेद : दोन जाळी मुंबई आणि अहमदाबाद अशा दोन ठिकाणी जोडलेली असू शकतात. तेव्हा जोडण्या दोन, पण संबंध एक. उलटपक्षी एकाच तारेवर दोन निराळे करार चालू शकतात. तार कोठे आहे, तिची क्षमता किती, ही माहिती एका ठिकाणी आणि परस्परांतील संबंध काय, ही माहिती दुसऱ्या ठिकाणी नोंदवावी. या दोहोंची सरमिसळ झाली की तार बदलताना करारही नकळत बदलतो.

(३) संबंधाचा प्रकार : जाळ्यांमधील संबंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक पक्ष पैसे देऊन दुसऱ्याकडून जगाकडे जाण्याची सोय घेतो, हा ग्राहक-पुरवठादार संबंध. दोन्ही पक्ष बरोबरीच्या नात्याने केवळ आपापल्या ग्राहकांची वाहतूक एकमेकांस देतात, हा समपदस्थ संबंध. समपदस्थाकडून कळलेला मार्ग दुसऱ्या समपदस्थाला किंवा पुरवठादाराला कळवू नये, हा त्यातील महत्त्वाचा दंडक. शेजाऱ्याने विहिरीवर पाणी भरण्यास परवानगी दिली म्हणून आपण साऱ्या गावाला तेथे पाठवीत नाही. तसेच हे आहे.

(४) देणे आणि घेणे यांचे स्वतंत्र नियम : काय स्वीकारावयाचे आणि काय कळवावयाचे, हे नियम प्रत्येक शेजाऱ्यासाठी स्वतंत्र लिहावेत. वरील महाविद्यालयाचे नियम असे लिहिता येतील :

६४५०० कडून : विद्यापीठांचे मार्ग स्वीकारावेत, ते प्रथम पसंतीचे.
६४५०० कडे : केवळ महाविद्यालयाचे पत्ते कळवावेत.
६४५०१ कडून : सर्व मार्ग स्वीकारावेत, विद्यापीठांसाठी ते दुय्यम पसंतीचे.
६४५०१ कडे : केवळ महाविद्यालयाचे पत्ते कळवावेत.

या चार ओळींतील दुसरी व चौथी ओळ दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु उदाहरणातील सारा अनर्थ चौथी ओळ नसल्यामुळे ओढवला.

(५) दोन्ही बाजूंचा मेळ : एका पक्षाने 'कळवितो' म्हटले आणि दुसऱ्याने 'स्वीकारतो' म्हटले नाही, तर जोडणी असूनही वाहतूक होत नाही. म्हणून दोघांची कागदपत्रे शेजारी ठेवून पडताळता आली पाहिजेत. हे काम यंत्राने करावे, म्हणजे ते नियमित होते.

(६) उघड व गोपनीय भाग : कोणते पत्ते कोणाचे आणि कोण कोणाशी जोडलेला, ही माहिती उघड असण्यात सर्वांचे हित आहे. दर, सवलती व व्यापारी अटी गोपनीय राहू शकतात. प्रतिरूपात हे दोन भाग वेगळे ठेवता आले पाहिजेत. नाहीतर गोपनीयतेच्या भीतीने कोणीच काही लिहीत नाही.

(७) काळ व बदल : नियम केव्हापासून लागू, केव्हा बदलला, कोणाच्या अनुमतीने बदलला, याची नोंद असावी. जुनी नोंद पुसू नये. बिघाड झाला की पहिला प्रश्न 'काल काय बदलले?' हाच असतो.

(८) यंत्रनिर्मात्यापासून स्वातंत्र्य : नियम एखाद्या विशिष्ट कंपनीच्या यंत्राच्या भाषेत लिहिले, तर यंत्र बदलताच ते निरुपयोगी होतात. म्हणून ते सर्वसामान्य भाषेत लिहावेत आणि त्यावरून प्रत्येक यंत्राची मांडणी तयार करावी.

(९) संकटाची पूर्वपरीक्षा : एखादी जोडणी तुटल्यास वाहतूक कोठून जाईल, याचे उत्तर प्रतिरूपावरून आधीच काढता आले पाहिजे. बिघाड झाल्यावर ते शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

ही कल्पना कोठून आली?

अमेरिकेत १९९५ पर्यंत संशोधनासाठी चालविल्या जाणाऱ्या एका सरकारी मुख्य जाळ्यावर व्यापारी वाहतुकीस मज्जाव होता. त्यामुळे कोणाची वाहतूक न्यावयाची आणि कोणाची नाही, याची नोंद ठेवणे प्रथम तेथे भाग पडले. युरोपातील जाळेचालकांच्या मंडळाने असे नियम लिहिण्याची एक पद्धत १९९३ मध्ये ठरविली आणि १९९४ मध्ये ती सुधारली. तिच्यावरून १९९८-९९ मध्ये सर्व जगासाठी एक नियम-भाषा तयार झाली. वर दिलेल्या चार ओळी त्याच धर्तीच्या आहेत. अशा नोंदी ज्या सार्वजनिक दप्तरांत ठेवतात, त्यांवरून अनेक जाळी आपल्या यंत्रांची मांडणी करतात.

तथापि दप्तर असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद राहून गेली, तर सातबारावर मृत खातेदाराचे नाव वर्षानुवर्षे राहते. तसेच येथेही घडते. शिवाय आरंभीच्या काही दप्तरांत दुसऱ्याच्या पत्त्यांविषयी नोंद करण्यास फारशी आडकाठी नव्हती. या उणिवेवर उपाय म्हणून पत्त्याच्या धारकाने संगणकीय स्वाक्षरीने 'माझे पत्ते अमुक क्रमांकाच्या जाळ्यानेच कळवावेत' असे प्रमाणित करण्याची व्यवस्था २०१२ च्या सुमारास मान्य झाली. तिचा उपयोग आता वाढत आहे. मात्र ही स्वाक्षरी पत्त्याचे मूळ जाळे कोणते, एवढेच सांगते. वाटेतील प्रत्येक जाळ्याने करार पाळला की नाही, हे ती सांगत नाही. ते पाहण्यासाठी संबंधांची लेखी नोंद लागतेच.

भारतातील जोडणीची केंद्रे

पूर्वी भारतातील दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधील पत्रव्यवहारही पुष्कळदा परदेशातून फिरून येत असे. वडोदऱ्याहून मुंबईस पाठविलेला मजकूर समुद्रापार जाऊन परत येई, कारण दोन कंपन्यांची गाठ देशात कोठेच पडत नव्हती. ही उधळपट्टी टाळण्यासाठी २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह निरनिराळ्या शहरांत विनिमय केंद्रे सुरू झाली. अहमदाबादेतही असे केंद्र आहे. एका केंद्रात अनेक जाळी एकत्र येतात, तेव्हा प्रत्येकाचा प्रत्येकाशी असलेला संबंध निराळा असू शकतो. वीस जाळी एकत्र आली, तर दोघा-दोघांच्या जोड्या १९० होतात. एवढे संबंध तोंडी लक्षात ठेवणे अशक्य आहे. प्रतिरूपाची आवश्यकता येथे आपोआप पटते.

राज्यांची स्वतःचीही जाळी आहेत. गुजरात राज्याचे जाळे गांधीनगरपासून जिल्हा व तालुका केंद्रांपर्यंत गेलेले आहे. ग्रामपंचायतींना जोडण्यासाठी केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेली योजना पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे एका गावातील सेवा केंद्रावरून निघालेला अर्ज मुख्यालयापर्यंत पोहोचताना दोन-तीन निरनिराळ्या जाळ्यांच्या हद्दी ओलांडू शकतो. बडोद्याच्या कारकुनाचा अमरेलीपर्यंतचा प्रवास येथे पुन्हा आठवावा.

गाव, शाळा व कार्यालय यांच्यासाठी

शेतकरी सातबारा उताऱ्यासाठी सेवा केंद्रात येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते. केंद्रचालक म्हणतो, 'जोडणी नाही.' तारेचा ठेकेदार म्हणतो, 'तार ठीक आहे.' पुरवठादार म्हणतो, 'आमच्याकडून मार्ग जात आहे.' प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या हद्दीपुरते खरे असते आणि अर्ज मात्र जात नाही. दोन जाळ्यांच्या सीमेवर काय व्हावयास हवे होते, हे कोठेही लिहिलेले नसल्याने दोष कोणाचा हे ठरत नाही. यात नुकसान होते ते रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे.

ग्रामपंचायत, शाळा अथवा कार्यालय यांना स्वतः मार्गांचे नियम लिहावे लागत नाहीत. परंतु जोडणी घेताना पुढील प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदवहीत लिहून ठेवता येतील : ही जोडणी कोणाच्या जाळ्याची आहे? त्याची हद्द कोठे संपते आणि पुढील हद्द कोणाची? एकाहून अधिक जोडण्या असल्यास कोणती वाहतूक कोणत्या जोडणीने जावी? पहिली बंद पडल्यास दुसरी आपोआप सुरू होईल काय, आणि याची परीक्षा शेवटची केव्हा घेतली? बदल करण्यापूर्वी कोणास कळवावयाचे? तक्रार प्रथम कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे करावयाची? तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी हीच माहिती पुरवठादाराकडून ठरावीक नमुन्यात मागविली, तर जिल्ह्याचे एक प्रतिरूप सहज तयार होईल. विज्ञान-शिक्षकांना हा विषय वर्गात शिकविता येईल. चार मुलांना चार जाळी करून, कोणी कोणाची चिठ्ठी पुढे न्यावी याचे नियम फळ्यावर लिहिले आणि त्यातील एक नियम पुसला, की काय गोंधळ होतो हे मुलांना लगेच दिसेल.

१७ जानेवारी २०२१ रोजी डभोई-चांदोद या जुन्या अरुंद मार्गाचे रुंद मार्गात झालेले रूपांतर आणि चांदोद ते केवडिया हा नवा मार्ग यांचे उद्घाटन झाले. आता दूरच्या गाड्या वडोदऱ्याहून डभोईमार्गे थेट केवडियास जातात आणि वाटेत माल वा उतारू बदलावे लागत नाहीत. एकाच रेल्वेच्या रुळांना हे साधले, कारण त्यांची मालकी एक झाली. संगणक-जाळ्यांचे तसे नाही. त्यांची मालकी निरनिराळीच राहणार आणि ती तशी राहण्यात सर्वांचे स्वातंत्र्यही आहे. म्हणून त्यांच्या सीमेवर मियागामचे स्थानक कायमच राहील. तेथे काय उतरवावयाचे, काय चढवावयाचे आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते प्रत्येक कार्यालयाने करावयास हवे.